फेऱ्यातला मुका दगड

१

बालांदिनाच्या मधल्या लेकाला ज्या वर्षी जुळ्या मुली झाल्या आणि त्यांतली एक बाप्तिस्म्याआधीच गेली, त्याच वर्षी, पश्चिमेचा वारा सुटलेला असताना, तेते मेसाख पांढऱ्या किनाऱ्यावर मेलेला सापडला.

सापडला तोही त्याच्या लेकीलाच. शनिवारी सकाळी ओहोटी लागल्यावर तेरसिना शिंपल्या वेचायला गेली होती. कड्याखालच्या खडकांत बाप पालथा पडलेला. तिने आधी हाक मारली, मग इथे काय झोपलास म्हणून शिव्या दिल्या, आणि मग ती जी खाली बसली ती उठेचना. गावात बातमी पोचेपर्यंत पाणी परत चढायला लागलं होतं.

बालांदिना सगळ्यांच्या मागून आली. ती रोहुवेल बेटाची राखणीण. नारळाची कोवळी झावळी बांधून कुठला किनारा बंद करायचा, शिंपल्यांना कधी हात लावायचा, हे ती ठरवायची. बंदी मोडणाऱ्याला शोधून काढायचं कामही तिचंच. नवरा गेल्यावर ते तिच्याकडे आलं. बाई म्हणून कुणी कुरकुर केली नाही, कारण तिला फसवणं जमत नाही हे ज्याला त्याला आपापल्या अनुभवाने ठाऊक होतं.

चौघांनी म्हाताऱ्याला बांबूच्या ताटीवर घेतलं. वाट अरुंद आणि निसरडी. मागून धरणारा ला उदे ओरडला, "बाहेरचा पाय धरा रे, सुटतोय!"

"तुझे पाय वाळूत आहेत ना?" बालांदिना डाफरली. "मग दर्यातलं बोलणं दर्यात ठेव. खालचा पाय म्हण."

"चुकलं, ऊसी." थोरल्या बाईला तिथे ऊसीच म्हणतात, आज्याला तेते.

रोहुवेलवर डावं-उजवं कुणी बोलत नाही; ते शाळेत शिकायचं आणि शाळेतच सोडून यायचं. जमिनीवर डोंगराकडची बाजू वरची, पाण्याकडची खालची, मग तो घराचा खांब असो की माणसाचा हात. होडीत बसलं की शब्द बदलतात. किनाऱ्याकडची बाजू आतली, उघड्या दर्याकडची बाहेरची. जमिनीवर 'बाहेर' म्हटलं की दर्याला आपलंच बोलावणं आलं असं वाटतं आणि तो घरात शिरतो, असं जुनी माणसं धरून होती. ला उदेचा जन्म होडीत गेलेला. त्याची जीभ सारखी घसरायची.

गावचा प्रमुख सिमसोन, ज्याला सगळे बापा राजा म्हणत, काठीवर रेलून वाटेतच उभा होता. दुखऱ्या पायामुळे त्याला पुढे येववत नव्हतं. "कड्यावरून घसरला," तो म्हणाला. "एवढा म्हातारा, आणि कडा ओला. दुसरं काय असणार?"

सगळ्यांनी माना हलवल्या. बालांदिनानेही हलवली.

मग घरी बायका म्हाताऱ्याला न्हाऊ घालायला बसल्या. तेरसिनाने केसांतून पाणी सोडलं. ते कपाळावरच्या खोकेवरून वाहत, कानामागून पांढऱ्या टोपात उतरलं आणि टोपाच्या तळाशी काहीतरी साचलं. बालांदिनाने बोटाने उचलून बघितलं. वाळू होती. काळी, बारीक, जड. आगीच्या डोंगराची.

पांढऱ्या किनाऱ्यावर प्रवाळाचा चुरा असतो. काळी वाळू बेटाच्या दुसऱ्या टोकाला, उत्तरेला. तिथला कण वाऱ्याने इथे येत नाही.

"काय गं ऊसी?" तेरसिनाने विचारलं.

"काही नाही," बालांदिना म्हणाली, आणि टोप स्वतःच उचलून मागच्या दाराने बाहेर पडली.

२

तेते मेसाख साधा म्हातारा नव्हता. बेटाचा फेरा त्याला येत होता.

फेरा म्हणजे रोहुवेलच्या काठाने एक पूर्ण चक्कर, तोंडाने म्हणायची. एकेक दगड, एकेक झरा, एकेक टोक. त्याचं नाव, तिथे कोण पहिल्यांदा उतरलं, कोण तिथे मेलं. कागदावर तो कधीच आला नाही. एकाने मरायच्या आधी दुसऱ्याला द्यायचा. मेसाखने तो आपल्या बहिणीच्या नातवाला, फिलेमोनला दिला होता.

आणि त्या वर्षी फेऱ्यावर सगळं अडलं होतं. समोरच्या मोठ्या बेटावरचे वातुई गावचे लोक सरकारला सांगत होते, की रोहुवेल आणि त्याभोवतीचं प्रवाळ मुळात आमचं. मोत्यांच्या कंपनीला त्यांनी शब्दही देऊन टाकला होता. पुढच्या शनिवारी आयोगाची बोट येणार होती. रोहुवेलच्या लोकांनी आपला फेरा म्हणून दाखवायचा, वातुईच्यांनी ऐकायचा, आणि आयोगाने निकाल द्यायचा. हरलं तर काय होतं ते सगळ्यांनी बघितलं होतं. शेजारच्या बेटावरची माणसं अशीच उचलून मोठ्या बेटाच्या पोटात नेऊन ठेवली होती. रांगेने पत्र्याची घरं, लाल माती, आणि दर्या बघायचा तर ट्रकने जायचं.

बालांदिनाचा नवरा गावामागच्या टेकाडावर पुरलेला होता. त्याच्या शेजारी तिची नात, नाव न ठेवलेली. त्या ढिगाऱ्यावरची शिंपल्यांची ओळ अजून हललीही नव्हती. तिला सोडून बोटीत चढायची वेळ येणार की नाही, बालांदिनापुढे प्रश्न एवढाच होता.

आता फेरा एकट्या फिलेमोनच्या डोक्यात उरला होता. आणि मेसाखला कुणीतरी काळ्या किनाऱ्यावरून उचलून पांढऱ्यावर आणून टाकलं होतं.

पोलीस यायचे तर आयोगाच्याच बोटीने. तोवर वाऱ्यापुढे मोठी बोट निघत नव्हती. बालांदिना मातीचं सगळं उरकल्यावर आधी बापा राजाकडे गेली. बेट सोडून जायला सगळ्यांत उतावळा तोच होता. मोठ्या बेटावर रस्त्याकडेची जागा त्याने बघून ठेवलीय, हे त्याची बायकोच सांगत फिरायची.

तो सागोची खळ काटकीवर गुंडाळून माशाच्या आंबट रश्शात बुडवत होता. "बस. जेव."

"बापा राजा, शुक्रवारी तू कुठे होतास?"

"मी?" तो हसला आणि सुजलेला पाय त्याने पुढे केला. "बघ. मला होडीत बसवायचं तर दोन माणसं लागतात आणि उतरवायला तीन. वर शिव्या वेगळ्या. शुक्रवारी ओसरीवर होतो. बायको शेकत होती, पाय नाही, मलाच." मग त्याचं हसू गेलं. "दीना, मला जायचंय ते खरं. इथे दवाखाना नाही, तुझी नात त्यानेच गेली. पण मेसाखने माझ्या बापाला पुरताना फेरा म्हटला होता. त्याला मी हात लावीन?"

ती उठली. पण त्याच्या बोलण्यातलं एक तिला लागलं. होडी. गावापासून काळ्या किनाऱ्याला डोंगरावरून पायवाट आहे, पण मेलेलं माणूस खांद्यावर घेऊन ती कुणी उतरणार नाही. म्हाताऱ्याला होडीतूनच आणलं होतं.

फिलेमोन गावाच्या दक्षिण टोकाला, पांढऱ्या किनाऱ्याच्या वाटेवर राहायचा. एकटा, चाळिशीचा. त्याची होडी अंगणात पालथी पडलेली, तळाची फळी काढलेली. तो तिच्याशेजारी बसून होता, हातात हत्यार नाही, काही नाही. डोळे सुजलेले.

"फिले, तू त्याला शेवटचा कधी बघितलास?"

"शुक्रवारीच ना, ऊसी. दुपारी. इथूनच गेला, पायी. पांढऱ्या किनाऱ्याकडे." त्याने हाताने वाट दाखवली. "म्हटलं, तेते, ऊन आहे, सुपारीची टोपली दे इकडे, मी येतो बरोबर. तर म्हणतो, राहू दे, मी काय लग्नातली नवरी आहे? टोपली बाहेरच्या खांद्याला अडकवलेली. हसत होता." आणि तो रडायला लागला. खरं रडू होतं. खोटं रडू बालांदिनाने पुष्कळ बघितलेलं होतं.

"शनिवारी म्हणशील ना फेरा?"

"म्हणेन."

"सगळा येतो?"

"येतो. मुका दगड मुकाच, बाकी सगळा."

ती परत निघाली. दाताखाली खडा यावा तसं काहीतरी तिच्या कानाला लागलं होतं. भातातला खडा बोटांनी शोधावा तसं ती ते शब्द फिरवत राहिली, पण सापडलं नाही. आणि गावात शिरते तर ला उदेच्या घरासमोर माणसं जमलेली, कुणाच्या हातात कोयता, कुणाच्या हातात जळती झावळी.

३

"त्याच्या होडीत बघ!" तेरसिनाचा दीर ओरडला. "बघ काय आहे ते!"

ला उदेची उलांडीची होडी, एका अंगाला तोल धरणारा ओंडका बांधलेली, वाळूत ओढलेली होती. बालांदिनाने वाकून तळाशी हात घातला. फळ्यांच्या फटींत काळी वाळू होती.

काळा किनारा तिने स्वतः झावळी बांधून बंद केलेला होता. वारा सुटल्यापासून तिथे कुणी जायचं नव्हतं.

"मी नाही गेलो, ऊसी." ला उदे दारात उभा होता, मागे बायको, पोरं. "अल्लाची शपथ."

"मग वाळू उडत आली?" दीर म्हणाला.

"तेतेशी भांडला होता तो!" गर्दीतून आणखी कुणी ओरडलं. "मी ऐकलंय. गेल्याच महिन्यात!"

भांडला होता हे खरं. ला उदेचा आजा लांबच्या बुतोन बेटाहून आलेला, बाप इथे जन्मला, तो इथे जन्मला, तरी गाव त्यांना पाहुणेच म्हणायचं. त्याने मेसाखला विनवलं होतं, की फेऱ्यात माझ्या आज्याचं उतरणं घाल, एवढंच, एक ओळ. मेसाख म्हणाला होता, फेरा वाढत नाही. त्यावर ला उदे पुष्कळ बोलला होता.

"शुक्रवारी कुठे होतास?" बालांदिनाने विचारलं.

"मशिदीत. दुपारची नमाज, आणि मग भावाच्या पोराचं जावळ होतं. सगळे जेवायला तिथेच. तुम्ही सगळे डोंगरावर कसावा काढायला गेलेले. होडी इथे पडलेली. संध्याकाळी येऊन बघतो तर उलांडी वरच्या अंगाला. मी खालच्या अंगाला ठेवतो, सगळ्यांना माहीत आहे. मला वाटलं पोरं खेळली असतील."

"आपसात साक्ष देणारच हे लोक," कुणीतरी म्हणालं.

बालांदिनाने पदरात बांधलेली झावळी काढली आणि ला उदेच्या दाराच्या खांबाला बांधली. बंद. आता त्या दाराला हात लावणारा बेटाचा गुन्हेगार. माणसं पुटपुटत मागे सरली, पण झावळी वाळेपर्यंतच ती थांबतील हे तिला कळत होतं.

त्या दुपारी तेरसिना तिच्याकडे आली. सुपारी कातरत बसली. मग म्हणाली, "ऊसी, एक सांगू? बाबा शेवटी शेवटी विचित्र बोलायचा. म्हणायचा, आयोगापुढे मी पूर्ण म्हणणार. कापलेलं नाही म्हणणार."

"कापलेलं कुठे असतं?"

"मलाही तेच कळेना."

बालांदिनाला मात्र कळलं. फेऱ्यात एकच जागा रिकामी असते. काळ्या किनाऱ्यावरचा उभा दगड आला की म्हणणारा थांबतो, एक सुपारी पाण्यात सोडतो आणि पुढे जातो. म्हणून तो मुका दगड. त्याचं नाव गुरूला ठाऊक आणि शिष्याला. तिसऱ्याला नाही.

४

"मला काळ्या किनाऱ्याला ने," ती ला उदेला म्हणाली.

"आता? माझ्याबरोबर? गाव काय म्हणेल?"

"गाव बोलतच असतं. तू वल्हव."

गुरुवारची सकाळ होती, वारा जरा पडलेला. होडी गावासमोरून उत्तरेला निघाली. किनारा जवळ, दगड एकामागून एक मागे पडत होते. लाट आडवी आली, होडी कलली, आणि बालांदिनाच्या मांडीवरची पिशवी घसरली.

"ऊसी, पिशवी बाहेरच्या खांद्याला अडकव," ला उदे म्हणाला. "आतल्या बाजूला वल्ह्यात येते."

तिने पिशवी खांद्याला अडकवली. उघड्या दर्याकडच्या. आणि तिचा हात तिथेच थांबला.

टोपली बाहेरच्या खांद्याला अडकवलेली.

"काय झालं?"

"मागे फिरव," ती म्हणाली. मग म्हणाली, "नको. चल पुढे."

ला उदे जमिनीवर 'बाहेर' म्हणाला असता तर त्याला अर्थ नव्हता. तो रोजच म्हणायचा आणि रोज बोलणी खायचा. पण फिलेमोनची जीभ लहानपणापासून फेऱ्यावर घडवलेली. पायवाटेने चाललेल्या माणसाचा खांदा त्याच्या तोंडून वरचा नाहीतर खालचाच निघाला असता. बाहेरचा खांदा त्याने बघितला तो होडीत, म्हाताऱ्याच्या समोर बसून. बोलता बोलता डोळ्यांपुढे जे उभं होतं तेच त्याने सांगितलं. फक्त होडी तेवढी लपवली.

त्याची स्वतःची होडी अंगणात फुटकी पडलेली. ला उदेची किनाऱ्यावर मोकळी.

काळ्या किनाऱ्यावर ती उतरली. मुक्या दगडाच्या पायथ्याशी, लाटेच्या वरच्या रेघेला, सुपारीची टोपली वाळूत अर्धी रुतून पडलेली होती.

"ला उदे, आपण काही बघितलं नाही."

"मी ह्यात मरतोय, ऊसी, आणि तू म्हणतेस बघितलं नाही?"

"शनिवारपर्यंत," ती म्हणाली. त्याच्याकडे तिला बघवेना. "फेरा त्यालाच येतो रे."

ला उदेने वल्हं आडवं ठेवलं. मग म्हणाला, "ज्या फेऱ्यात मी नाही, त्यासाठी मी गप्प बसायचं."

"हो."

त्याने थुंकून वल्हं उचललं.

५

शुक्रवारी दुपारी फिलेमोन डोंगरावरून काळ्या किनाऱ्याला उतरला. दगडांची नावं मला शिकव, कुणाला तरी यायला हवीत, असा निरोप तिने धाडला होता. मुक्या दगडाला बांधलेली ताजी झावळी आणि तिच्या मांडीवरची टोपली त्याने लांबूनच बघितली. पळाला नाही. येऊन वाळूत बसला.

"तू म्हणालास, बाहेरचा खांदा," बालांदिना म्हणाली.

त्याने डोळे मिटले. "म्हणालो का?"

"म्हणालास."

"तेतेने ऐकलं असतं तर थोबाडीत मारली असती."

लाट येऊन गेली. तिने विचारलं नाही, तोच बोलायला लागला.

"ह्या दगडाचं नाव झोपलेल्यांचा दगड. आपण इथे पहिले नव्हतो, ऊसी. वातुईचे लोक इथे राहत होते. आपले पूर्वज होड्यांतून आले, ते इथे झोपले होते, बायकापोरांसकट. जे वाचले ते पोहत मोठ्या बेटाला गेले. म्हणून हा दगड मुका. नाव घेतलं की बेट त्यांचं होतं."

"आणि मेसाख घेणार होता."

"त्याने मला इथे आणून सांगितलं. म्हणाला, सरकारपुढे म्हणायचा तो शेवटचाच फेरा असेल, तो खोटा कसा म्हणू? मी पाया पडलो. म्हटलं, आजवर सगळे थांबलेच ना इथे? तो म्हणाला, थांबणं वेगळं आणि लपवणं वेगळं. मी टोपली ओढली. सुपारी सोड आणि पुढे चल, एवढंच माझ्या मनात. तो दगडावर पडला."

"तिथेच गेला?"

फिलेमोन वाळू मुठीत घेऊन सोडत राहिला.

"फिले."

"नाही."

बालांदिनाला त्याआधीच कळायला हवं होतं. काळ्या किनाऱ्यावरून गाव जवळ, पूर्वेला. पांढऱ्याला त्याने नेलं ते पश्चिमेने, वाऱ्याच्या तोंडावर, कड्यांखालून, सगळी लांबची बाजू. गावासमोरून गेला असता तर कुणीतरी बघितलं असतं. आणि म्हातारा कदाचित वाचला असता.

"मी वल्हवत होतो," फिलेमोन म्हणाला. "आणि तो फेरा म्हणत होता. डोळे मिटलेले. जो दगड मागे पडेल त्याचं नाव घ्यायचा. बरोबर घ्यायचा, ऊसी, होडी कुठे आहे ते त्याला पाण्याच्या आवाजावरून कळत होतं. मला वाटायचं, आता थांबेल. थांबला की मी सुटलो. मगरीची पाठ आली, ते नाव त्याने घेतलं. त्याच्यापुढचं घेतलं नाही. मग ते मी घेतलं."

ऊन कलायला लागलं.

"उद्या पोलीस येतात," ती म्हणाली. "तू आधी फेरा म्हण. मग त्यांच्या बोटीत जाऊन बस. ला उदेचं नाव पुसायला हवं."

"बसतो. पण एक सांग. पूर्ण म्हणू की थांबू?"

आयुष्यभर तिने दुसऱ्यांना सांगितलं होतं, इथे हात लावू नका, हे तुमचं नाही. तिला टेकाडावरची शिंपल्यांची ओळ दिसली.

"थांब," बालांदिना म्हणाली. "सुपारी सोड आणि पुढे जा."

तो हसला. त्या हसण्याने तिला कुठे तोंड लपवू असं झालं. "मग तेते कशाला मेला?" तो म्हणाला, आणि उठून डोंगराची वाट चढायला लागला.

६

शनिवारी आयोगाची माणसं चर्चसमोरच्या झाडाखाली बसली. आवाज धरून ठेवायचं यंत्र त्यांनी चटईवर ठेवलं. एका बाजूला रोहुवेल, दुसऱ्या बाजूला वातुईचे म्हातारे, मध्ये फिलेमोन, धुतलेला सदरा घालून. ला उदे आणि त्याचे लोक मागे, उन्हात, उभे.

फिलेमोनने सुरुवात गावाच्या धक्क्यापासून केली आणि दक्षिणेला वळला. त्याचा आवाज मेसाखसारखाच लागला होता. तेरसिनाने पदर तोंडात कोंबला. पांढरा किनारा आला, गेला. कडे आले. मगरीच्या पाठीपाशी तो जरा थांबला.

"मगरीची पाठ," तो म्हणाला. "इथे होडीत मेसाख मेला. होडी फिलेमोनने वल्हवली. फिलेमोनने गावाकडे वळवली नाही."

कुणालाच पहिल्यांदा कळलं नाही. फेऱ्यात माणसं मरतातच. प्रत्येक दगडाला कुणीतरी मेलेलं असतं. मग बापा राजाच्या हातून काठी पडली. पोलीस उठायला लागला तेव्हा आयोगाच्या बाईने हाताने त्याला बसवलं, कारण म्हणणारा थांबला नव्हता.

काळा किनारा आला. बालांदिनाने मान खाली घातली आणि सुपारी पाण्यात पडायची वाट बघितली. तिथे पाणी नव्हतं, म्हणून त्याच्यासमोर नारळाच्या करवंटीत भरून ठेवलं होतं. सुपारी पडली नाही.

"झोपलेल्यांचा दगड," फिलेमोन म्हणाला.

आणि त्याने सगळं म्हटलं. कोण झोपले होते, त्यांच्या मुलांची नावं, कोण होड्यांतून उतरलं, कुणी पहिला घाव घातला. पलीकडे वातुईचा एक म्हातारा, ज्याने आपल्या आजीकडून त्यांतली दोन-तीन नावं ऐकली असावीत, ती नावं आली तसा पुढे झुकला आणि हमसून रडायला लागला. आपण जिंकलो हे त्याच्या ध्यानातही आलेलं नव्हतं.

फिलेमोन परत धक्क्याला पोचला. फेरा तिथे मिटतो. पण त्याने एक ओळ जास्त म्हटली. "धक्का. इथे बुतोनहून ला मांगा उतरला. त्याचा नातू ला उदे."

मागे उन्हात ला उदे उभा होता. त्याच्या तोंडावर आनंद आला नाही. जिथे आपलं नाव शेवटी आलं ते बेटच आता उरत नाही, हे त्यालाही दिसत होतं.

फिलेमोन उठून स्वतःच बोटीकडे चालत गेला. बालांदिना त्याच्याजवळून गेली तेव्हा तो हळूच म्हणाला, "ऊसी, मी थांबणार होतो. तोंडच थांबेना."

निकाल लागायला पावसाळा जावा लागला. तो काय लागणार हे त्या झाडाखालीच सगळ्यांना कळलं होतं. बोटी आल्या तेव्हा लोकांनी घरांचे खांब काढून घेतले, चर्चची घंटा घेतली. टेकाडावरचं काही घेता आलं नाही. बालांदिनाने तिथे, काळ्या किनाऱ्यावर, पांढऱ्या किनाऱ्यावर, सगळीकडे कोवळ्या झावळ्या बांधल्या. कुणासाठी, ते तिला कुणी विचारलं नाही. बोट सुटल्यावर एका पोराने बेटाकडे बोट करून विचारलं, आता ती बाजू आतली की बाहेरची?

तेते मेसाख त्या वर्षीच्या पश्चिमेच्या वाऱ्यात, शुक्रवारी दुपारी, होडीत वारला. फिलेमोन पुढच्या वर्षी नाताळाआधी तुरुंगात तापाने वारला. फेरा त्याने कुणाला दिलेला नव्हता. बालांदिना जगलेल्या नातीचं लग्न झालं त्या वर्षी मोठ्या बेटावर, पत्र्याच्या घरात वारली, आणि तिला तिथेच लाल मातीत पुरलं.